तळावरची कळशी

माझ्या नवऱ्याला एकच भाषा नीट येत होती, ती म्हणजे वऱ्हाडी वळणाची मराठी. इंग्रजी तो कामापुरतं बोलायचा, आणि पस्तीस वर्षं टेक्सासात काढूनही पिझ्झावाल्याला आमचा पत्ता दोनदा सांगावा लागायचा. पण एक शब्द असा होता, की तो कुठल्याही देशाच्या माणसासमोर उच्चारला तरी समोरचा लगेच मान डोलवायचा. तो शब्द म्हणजे बेंथॉस.

समुद्राच्या तळाची माती तपासणारा इंजिनियर होता तो. पाइपलाइन टाकायच्या आधी तळ कसा आहे, चिखल किती खोल आहे, कुठे घसरेल, हे बघायचं त्याचं काम. तीन-तीन आठवडे आखातात जहाजावर असायचा. जहाजावर नॉर्वेचे, जर्मनीचे, फ्रान्सचे, ब्राझीलचे लोक. तो सांगायचा, पान्याला प्रत्येकाचा शब्द वेगळा, दोरखंडाला वेगळा, जेवायला बसलं की मिठालाही वेगळा. फक्त समुद्राच्या तळाशी जे राहतं, सरपटतं, चिखलात पुरून घेतं, दगडाला चिकटून बसतं, त्या सगळ्याला मिळून शब्द एकच. कुणा जर्मन माणसाने तो जुन्या ग्रीकमधून उचलला, आणि मग ज्याने त्याने तो तसाच आपापल्या घरी नेला. कोणी मधला ह गिळतं, कोणी शेवट लांबवतं, एवढाच काय तो फरक.

"आणि आपल्याकडे काय म्हणतात गं?" त्याने एकदा मला विचारलं होतं, कारण मी नागपूरची एम.एस्सी. झूऑलॉजी.

"पुस्तकात नितलस्थ की काहीसं होतं," मी म्हटलं. "पेपरात लिहिलं आणि विसरले."

"छ्या! त्यापेक्षा आपला बेंथॉसच बरा."

त्यानंतर दर रविवारी वरण-भात-तूप हाणून झालं, की तो हॉलमधल्या कार्पेटवर आडवा व्हायचा आणि जाहीर करायचा, "मी आता बेंथॉस. मला कोणी हलवू नका." मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या पोटावर जाऊन पडायचा. मी दोघांच्या भोवतीने व्हॅक्यूम फिरवत बडबड करायचे. मी त्याला लग्नापासून अरे-तुरे करत आले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तो गेला. सकाळी लॉनला पाणी घालायला बाहेर पडला तो आत आलाच नाही. मी गेले तेव्हा पाण्याचा पाइप गवतात तसाच वाहत होता. पुढचं मला नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

त्याची इच्छा मला माहीत होती. कुणाच्या तरी तेराव्याला जेवताना तो म्हणाला होता, "मला गंगाबिंगा नको. जिथे जन्म काढला त्या आखातात सोडा." गंमतीत म्हणाला होता, पण मी लक्षात ठेवलं. अडचण अशी, की त्याचं ते क्षेत्र किनाऱ्यापासून फार लांब. तिथे मासेमारीच्या बोटी जात नाहीत. त्याच्या जुन्या जहाजाच्या कप्तानाने शब्द दिला, की पुढच्या फेरीत एका माणसाला घेऊन जाईन. पण ती फेरी सहा आठवड्यांनी होती.

तोवर अस्थी ठेवायच्या कुठे? घरात ठेवायच्या नाहीत, झाडाला टांगायच्या, ही आपली पद्धत. दहनगृहवाल्यांनी दिला तो काळा प्लास्टिकचा डबा मला झाडाला टांगवेना. मग मी नागपूरहून आणलेली तांब्याची कळशी काढली, राख तिच्यात ओतली, आणि कळशी मागच्या अंगणातल्या झाडाला बांधली. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई कुंपणावरून कौतुकाने विचारते, की हा बर्ड फीडर कुठे मिळाला आणि कुठले पक्षी येतात. मी काय सांगणार तिला? म्हटलं, अजून कोणी आलेलं नाही.

पक्षी नाही, पण खारी आल्या. आमच्या गावच्या, शुगर लँडच्या खारी म्हणजे दरोडेखोर आहेत. एक खार कळशीच्या काठावर बसून आत डोकावताना दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. नवऱ्याचा एक पंचा होता, पांढरा, लाल काठाचा. तो दुहेरी करून मी कळशीच्या तोंडावर घट्ट बसवला आणि वरून नायलॉनची सुतळी आवळली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तशी.

आता ह्या गाठीबद्दल सांगायलाच हवं. ती आमच्या आईची गाठ. सुतळीचे सात वेढे घ्यायचे, टोक त्या वेढ्यांखालून तीनदा न्यायचं आणि शेवटी एक फासा बाहेर काढून ठेवायचा, कानासारखा. योग्य टोक ओढलं तर सगळं एका झटक्यात सुटतं. चुकीचं ओढलं तर आणखी आवळतं. मुलाला ती जन्मात कधी सुटली नाही. लहानपणी बरणी छातीशी धरून यायचा, "आई, ओपन कर ना," आणि मी हात पुसून सोडवून द्यायचे. कापू द्यायचे नाही. आमच्या घरी सुतळी कापत नाहीत, सोडवून गुंडाळून ठेवतात, आणि त्याने एकदा कात्री लावली तेव्हा मी त्याला दिवसभर बोलले होते.

जहाजावर एकच माणूस जाऊ शकत होता. मी म्हटलं, बायका विसर्जनाला जात नाहीत, तूच जा. खरं कारण ते नव्हतं. मला गाडीतही मळमळतं, आणि त्याहून खरं म्हणजे माझ्यात धीर नव्हता. तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा, फ्रिस्कोच्या एका शाळेत बँड शिकवायचा, अजूनही तेच करतो. मी त्याला दारात उभं करून बजावलं. वाटेत उघडू नकोस. तिथे गेल्यावर दादरा सोडव, कापू मात्र नकोस, ह्या कामात कात्री-सुरी लावायची नाही. आधी राख पाण्यात ओत, मग कळशी सोडून दे. आणि सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही.

"ओके आई. गॉट इट," तो म्हणाला.

चार दिवसांनी परत आला. उन्हाने नाक सोललेलं, डोळे सुजलेले.

"नीट झालं ना रे सगळं?"

"येस आई. ऑल गुड." आणि तो कार्पेटवर, बापाच्याच जागेवर, बूट न काढता झोपला. मी दहीभात कालवून ठेवला, पण तो उठला नाही.

त्यानंतर तो दर वर्षी बापाच्या तिथीला न चुकता येतो, सगळं करतो. एकच बदललं. पूर्वी जाताना माझ्याकडून लोणच्याची बरणी घेऊन जायचा, ते बंद झालं. "टू मच सोडियम, आई." मला वाटलं, बँड शिकवता शिकवता पोराला अमेरिकन आरोग्याचं वेड लागलं.

मी रिकाम्या घरात दोन वर्षं काढली आणि मग काम शोधलं. नवऱ्याच्या ओळखीतल्या एका कंपनीला घरी बसून व्हिडिओ बघणारं माणूस हवं होतं. जहाजावरून एक यंत्र केबलला बांधून खोल सोडतात. फ्रिजएवढं असतं, पुढे दिवे, कॅमेरे आणि दोन लोखंडी हात. आरओव्ही म्हणतात त्याला. ते तळावरून सरळ रेषेत फिरतं, आणि त्याने काढलेला व्हिडिओ कुणीतरी डोळे फाडून बघावा लागतो. दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर बटण दाबायचं. जिवंत असेल तर बेंथॉस. माणसाने टाकलेलं असेल तर डेब्री, म्हणजे कचरा. बेंथॉस असेल तर पाइपलाइन त्याला वळसा घालते. डेब्री असेल तर मागून दुसरं जहाज येतं, लोखंडी हाताने ते उचलतं, जाळीच्या टोपल्यात टाकतं आणि भंगारात देतं.

मुलाखतीत मला विचारलं, की कुठलं क्षेत्र बघाल. मी त्याच्या क्षेत्राचं नाव घेतलं. त्यांना वाटलं, मला काहीच फरक पडत नाही म्हणून मी पहिलं सुचेल ते बोलले. मला काही शोधायचं नव्हतं, राख काय सापडते? पण तो जिथे आहे ती जागा मला बघायची होती. मागे वळून बघायचं नाही हे मुलाला बजावणारी मीच.

ते काम कसं असतं हे सांगणं अवघड आहे. त्या व्हिडिओला आवाज नसतो. कोपऱ्यात खोली आणि दिशा दाखवणारे हिरवे आकडे, बाकी राखाडी चिखल, आणि दिव्याच्या पलीकडे काहीच नाही. वरून सतत पांढरे कण पडत असतात. वर जे जे मरतं त्याचा चुरा तो, मैलभर खाली यायला त्याला आठवडे लागतात, आणि खालचे सगळे त्यावर जगतात. मी दुपारी बघायला बसायचे. बाहेर टेक्सासचं ऊन रटरटत असायचं, पडदे ओढून एसी लावलेला, आणि स्क्रीनवर ती कधीच न थांबणारी भुरभुर. आमच्या नागपूरला भुतं मध्यरात्रीपेक्षा भर दुपारी बाराला जास्त निघतात असं म्हणत, आणि उन्हाळ्यात त्या वेळेला पोरांना दाराबाहेर पडू देत नसत. ते मला तिथे बसून पटायला लागलं.

जूनमध्ये एका मंगळवारी, साडेबाराच्या सुमारास, मला कळशी दिसली.

मी आधी बटणावर बोट ठेवलं होतं, डेब्रीच्या. मग बोट आपोआप मागे आलं. चिखलात बुडाकडून बोटभर रुतलेली, ताठ उभी, तोंडावर पंचा. दिव्यात काठाचा लाल रंगसुद्धा दिसला. तांब्याला जीव चिकटत नाहीत, म्हणून तर जहाजाच्या बुडाला तांब्याचा रंग देतात. त्यामुळे आजूबाजूची प्रत्येक वस्तू कशाकशाने माखलेली आणि ही एकटी, काळपट पडलेली, पण घासून ठेवल्यासारखी. पंच्यावर मात्र एक जण बसला होता. पाच बारीक, लांब हातांचा, ज्याला ब्रिटल स्टार म्हणतात तो. त्याच्या एका हाताखालून सुतळीचा कान बाहेर आला होता, डाव्या बाजूला.

दादरा बांधलेलाच होता. राख आतच होती. चार वर्षं मी देवापुढे दिवा लावून म्हणत होते, की तो सुटला, मोकळा झाला, आणि तो मैलभर पाण्याखाली माझ्या हाताने बांधलेल्या फडक्याखाली बसून होता. मी उठले, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून मोठ्याने रडले. घरात कोणी नव्हतं, तरी नळ सोडला.

त्या दिवशी मी कुठलंच बटण दाबलं नाही. "अनिश्चित" अशी खूण केली आणि संगणक बंद केला.

त्या रेषेवरून यंत्र पहिल्या फेरीनंतर चार दिवसांनी दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि तो व्हिडिओ माझ्याकडे गुरुवारी आला. नियमच आहे, प्रत्येक रेषा दोनदा. मी त्या जागेच्या आधीच व्हिडिओ हळू केला. कळशी आली. पण सुतळीचा कान आता डावीकडे नव्हता. तो बरोबर माझ्यासमोर होता.

मी आधीचा व्हिडिओ काढला, दोन्ही शेजारी लावले. यंत्राची दिशा तीच, दिवे तेच, मागचा दगड तोच. कळशी वळली होती. आणि तिच्या भोवती चिखलात एक बारीक चर पडला होता, जवळजवळ पूर्ण गोल, कोणी प्रदक्षिणा घातल्यासारखा. चराचं मला माहीत आहे. तळाच्या चिखलात खात खात फिरणारे किडे असतात, ते असे गोल काढतात, कॉलेजात मी त्यावर चार गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे. पण किडे अडीच-तीन किलोची भरलेली कळशी फिरवत नाहीत.

मी सुपरवायझरला फोन केला. ब्राझीलची बाई, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, फार गोड बोलते. विचारलं, मधल्या चार दिवसांत त्या रेषेवर यंत्र आणखी एकदा गेलं होतं का? ती म्हणाली, नाही, वारा होता, जहाज बंदरातच होतं. मग म्हणाली, "तुमची ती एक अनिश्चित खूण आहे ना, ती सोमवारपूर्वी ठरवा. बेंतोस की डेब्री?" तिच्या तोंडून तो शब्द तसा ऐकला, ह गिळलेला, आणि मी घाईने फोन ठेवला. जेवताना ब्राझीलवाल्यांची नक्कल करत तो असाच म्हणायचा.

मागे वळून बघायचं नाही हा नियम मागे राहणाऱ्यांसाठी. जाणाऱ्याने वळू नये असं कुणी कुठे सांगितलेलं मला आठवेना.

दोन दिवस मी घरात जिथे जाईन तिथे मला तो कान दिसत होता. डेब्रीचं बटण दाबलं, तर कळशी वर येईल. मी फोन करून मागून घेऊ शकले असते, दादरा सोडून त्याला नीट मोकळं करू शकले असते. पण पाण्याला दिलेलं परत मागायचं नसतं, आणि त्याआधी ती लोखंडी हाताने आवळली जाणार, भंगाराच्या टोपल्यात चेपलेल्या नळ्यांवर आपटणार. मुलाला सांगितलं तर? त्याला सांगायचं तरी काय, की तुझ्या बापाला तू कोंडून आलास? खरं म्हणजे राग आला होता मला. एक गाठ, एवढंसं काम, आणि वर "ऑल गुड"!

नेमका त्याच शनिवार-रविवारी मुलगा येणार होता. शाळेला सुट्टी, आणि माझा एसी खडखडतो म्हणून बघायला. मी ठरवलं होतं, ह्याला काहीही कळू द्यायचं नाही. रविवारी सकाळी अकराच्या पुढे मी शेवटचं एकदा बघायला म्हणून दोन्ही चित्रं लावली, तोवर कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद करून येते तो पोरगा माझ्या खोलीत, हातात कॉफीचा मग, स्क्रीनसमोर उभा.

त्याने मग टेबलावर ठेवला. कॉफी सांडली. त्याने पुसली नाही.

"आई, इज दॅट...?"

"हो."

"तू कधीपासून बघतेयस हे?"

"मंगळवारपासून."

तो माझ्याकडे बघेना. स्क्रीनकडेच बघत होता, आणि त्याचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता, लहानपणी खोटं बोलताना घासायचा तसा.

"आई, लिसन," तो म्हणाला. "ती एम्प्टी आहे. रिकामी आहे. मी ओपन केली होती. आय स्वेअर. तू सांगितलंस तसंच केलं. नॉट सोडवली, बाबांना आधी पाण्यात सोडलं, सगळं. देन आय टाइड इट बॅक, परत बांधली, बिकॉज... रिकामी कळशी तशीच उघडी टाकायला मला कसंतरी वाटलं. सो डोन्ट वरी. बाबा इज नॉट इन देअर."

"तू परत बांधलीस?"

"येस."

"अशीच?"

"एक्झॅक्टली तू बांधतेस तशी. आय रिमेम्बर्ड."

मी स्क्रीनकडे बघितलं. सात वेढे, तीनदा खालून नेलेलं टोक, कान. नायलॉनच्या सुतळीला मी सुरुवातीला एक जादा पीळ देते, कारण ती घसरते. तो पीळही होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती गाठ माझीच होती, आणि माझ्यानंतर तिला कोणी हात लावून सोडवलेलं नव्हतं.

मग मला तो दिसला, चार वर्षांपूर्वीचा, जहाजाच्या कठड्याशी. वारा, डोलणारं जहाज, मागे अदबीने टोप्या काढून उभे असलेले परके लोक. कळशी छातीशी धरून एक टोक ओढणारा, मग दुसरं, आणि गाठ आणखी आवळणारी. एखाद्याने खिशातून सुरी काढून पुढे केली असेल, जहाजावर प्रत्येकाकडे असते. आणि ह्याने मान हलवली असेल, कारण आईने सांगितलं होतं कापायचं नाही. बोटं सोलवटली असतील. शेवटी ती तशीच सोडली असेल, आणि मागे वळूनही बघितलं नसेल. सांगितलेलं त्याने एकूण एक ऐकलं, फक्त एक गोष्ट त्याला येत नव्हती, आणि ती मी त्याला कधी शिकवली नव्हती. हात पुसून स्वतः सोडवून द्यायचे. आपलेच दात, आपलेच ओठ.

राग कुठल्या कुठे गेला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तसं केलं असतं तर त्याला कळलं असतं.

"मग बरं झालं," मी म्हटलं. "मला वाटलं, राहिलं की काय. माझा जीव टांगणीला लागला होता बघ."

"नो, नो. ऑल गुड, आई."

"मग ह्याचं काय करू? सोमवारपर्यंत सांगायचंय त्यांना."

"ऑप्शन्स काय आहेत?"

मी सांगितले. कचरा म्हटलं तर उचलतात. बेंथॉस म्हटलं तर हात लावत नाहीत.

तो हसला, आणि हसता हसता त्याच्या नाकातून पाणी आलं. "मी आता बेंथॉस," तो बापाच्या वऱ्हाडी हेलात म्हणाला. "मला कोणी हलवू नका." मुलाला इंग्रजी न मिसळता मराठी फार बोलता येत नाही, पण हे अगदी तसंच आलं. मी दचकून स्क्रीनकडे बघितलं. चित्र थांबवलेलं होतं. काही हललं नाही.

मी पिवळं बटण दाबलं. बेंथॉस. शेऱ्यात लिहिलं: ब्रिटल स्टार, एक, जिवंत. त्यात खोटं काहीच नव्हतं. पंचा सुती आहे. खालची मंडळी त्याला सावकाश खातील, वर्ष लागेल, दोन लागतील. माझ्या नवऱ्याला कधी कसली घाई नव्हती.

दुपारी जेवून तो निघायच्या तयारीला लागला. तोवर मी ओट्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली होती, दादरा घालून, सुतळी आवळून.

"आई, सोडियम..."

"सोडियम गेलं खड्ड्यात. इकडे ये. हात धू आधी."

तो आला. बरणीकडे बघून त्याचा चेहरा उतरला, ते मी न बघितल्यासारखं केलं.

"तुला बांधता येते म्हणालास ना? मग सोडवून दाखव. विसरला असशील तर मी दाखवते."

त्याने एक टोक धरलं. चुकीचं. मी त्याचं बोट धरून दुसऱ्या टोकावर नेलं. "कानाकडून नाही ओढायचं. कान फसवतो. हे बघ, हे जे आखूड टोक लपवलंय, ते. आता सरळ वर."

त्याने ओढलं. सातही वेढे एकदम ढिले झाले आणि सुतळी ओट्यावर पडली.

तो ती बघत राहिला. "दॅट्स इट?"

"एवढंच."

"आई..." तो म्हणाला. त्याने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. मागच्या अंगणात झाडावर खारी भांडत होत्या.

मग मी सुतळी उचलली, परत बरणीला बांधली, सात वेढे, तीनदा खालून, कान, आणि बरणी त्याच्यापुढे सरकवली.

"परत सोडव," मी म्हटलं. "नीट बसू दे हातात. माझ्या वेळी तुलाच सोडवायची आहे."